टेकाडावरची पालं

"नाही साहेब, हा नकाशा पूर्ण आहे असं मी लिहून देणार नाही."

साहेबांनी चष्मा काढला. ते आमच्या पूर कंट्रोल रूमचे प्रमुख. मी तिथली कंत्राटी जीआयएस ॲनालिस्ट, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे करणारी बाई. वरच्या धरणाचे दरवाजे दुपारनंतर उघडणार होते. बस, बोटी, पोलीस, सगळे माझ्या नकाशासाठी खोळंबले होते.

असा नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. आम्ही त्यांना लेयर म्हणतो. एका लेयरवर पाणी कुठवर येईल ते निळ्या रंगात. दुसऱ्यावर घरांचे ठिपके, उपग्रहाच्या फोटोवरून टाकलेले. निळ्यात ठिपका आला की तिथली माणसं हलवायची. सोपं काम. पण नदीकाठच्या एका गावाखाली निळ्याच्या मधोमध पांढरा तुकडा उरला होता. उंच टेकाड. पाणी नाही, ठिपका नाही, म्हणजे काळजी नाही, असं सॉफ्टवेअरचं म्हणणं.

माझं नव्हतं. मी आज पुंडलिकनगरात फ्लॅटमध्ये राहते, पण माझा बाप मेंढरांमागं हिंडला. पावसाळ्यात काळ्या रानात चिखल होतो आणि मेंढरांचे खूर सडतात. म्हणून आमची माणसं मुरमाड टेकाड बघून पालं ठोकतात. आमच्याकडचा फोटो उन्हाळ्यातला. तेव्हा तिथं कोण असणार होतं?

मी बिरूकाकांना फोन लावला. ते वडिलांचे चुलतभाऊ, अजून मेंढरं राखतात.

"काका, कुठं उतरलाय यंदा?"

"नदीच्या टेकाडावर. लई बेस जागा हाय. चार घरची पालं हायेत. कामून गं?"

"आधी लोकेशन टाका."

काकूंनी व्हॉट्सॲपवर लोकेशन टाकलं. ते बरोबर पांढऱ्या तुकड्यात पडलं. मी साहेबांना स्क्रीन दाखवली.

"पण टेकाड बुडत नाही ना, मॅडम?"

"आज नाही. पण दोन्हीकडचे ओढे भरले की वाट गेली. मागाहून आणखी दरवाजे उघडले तर टेकाडही जाईल, आणि तेव्हा त्या धारेत बोट टिकायची नाही."

"तिथं स्ट्रक्चरच नाही. आपल्या लेयरमध्ये तंबू बसत नाहीत. आणि ही तुमचीच माणसं ना?"

"माझी आहेत म्हणून मला कळलं. तुमची असती तर तुम्हाला कळलं असतं."

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय."

"संपू द्या."

भीती वाटत होती, नाही असं नाही. पण राग जास्त होता. मी टेकाडावर लाल त्रिकोण टाकला आणि नकाशा थेट सगळ्यांच्या ग्रुपवर सोडला. खाली लिहिलं, 'इथं माणसं आहेत. वाट बंद होण्याआधी काढा.'

तहसीलदार मॅडम जवळच्याच गावात होत्या. त्या पथक घेऊन टेकाडावर पोचल्या आणि तिथून त्यांचाच फोन आला. "अहो, हे लोक हलत नाहीत. आम्ही म्हणतोय आधी बायका-मुलं, जनावरांचं नंतर बघू."

मागून काकांचा आवाज आला, "मेंढरं सोडून म्या येत नाय!"

"मॅडम, उलटं करा," मी म्हणाले. "मेंढरं आधी काढा. माणसं बरोबर मागं येतील."

"पण सूचना तशा नाहीत."

"सूचना लिहिणाऱ्यानं मेंढरं कधी राखली नसतील."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी ऐकलं. काकांनी कळपाची म्होरकी मेंढी ओढ्यात घातली, बाकीची तिच्यामागं गेली. पोलिसांनी कोकरं काखेत घेतली. बायका भांडीकुंडी डोक्यावर घेऊन निघाल्या. शेवटचा माणूस आला तेव्हा पाणी कमरेला लागत होतं. थोड्याच वेळात वाट दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी आणखी दरवाजे उघडले. पांढरा तुकडा मीच निळा केला. तो रंग भरताना रडले, सांगायला लाज कसली.

पूर ओसरल्यावर वरिष्ठांपुढे या कामाचं प्रेझेंटेशन करायचं होतं. साहेब म्हणाले, "तो त्रिकोण काढून टाका, फॉरमॅटमध्ये बसत नाही."

"मग फॉरमॅट बदला."

त्रिकोण राहिला. माझं कॉन्ट्रॅक्टही वाढलं. ते सॉफ्टवेअर तिथं दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही, एवढंच त्याचं कारण. आता पावसाळाभर मी मेंढपाळांना फोन करून पालांचा वेगळा लेयर ठेवते. घर नसलेला माणूसही पाण्यात बुडतो. हे सॉफ्टवेअरला एकदा सांगावं लागतं, साहेबांना दर वर्षी.