तिसऱ्या गिअरसाठी कॅमशाफ्ट

डिसेंबरचा पहिला रविवार. रक्कम बहात्तर हजार रुपये. हजर: मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि पांढरकवड्यातले आमचे मिस्त्री. त्यांच्याच गॅरेजात गाडीच्या इंजिनाचं वरचं झाकण काढून ठेवलं होतं.

कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. तो फिरला की उंचवट्यांनी इंजिनाच्या झडपा उघडतात. आमच्या दोन्ही दांड्यांचे उंचवटे झिजले होते. जपून वापरली तर गाडी आठवडाभर चालेल, असं मिस्त्री म्हणाले. बदलायचेच आहेत तर कंपनीच्यापेक्षा दमदार टाका, हे मेहुण्याचं मत. तो नागपूरला असतो आणि गाड्यांच्या शर्यतींचा शौकीन आहे. बहात्तर हजारांची जोडी त्यानेच निवडली होती. तिच्यात झडपा सगळ्यात जास्त वेळ उघड्या राहतात आणि ताकदही सगळ्यात जास्त मिळते.

मोबाइलवर त्याने विक्रेत्याकडच्या तिन्ही जोड्यांच्या ताकदीचा आलेख उघडला. तो उजवं टोक दाखवत होता. मी डावीकडून वाचायला लागलो. इंजिनाच्या मिनिटाला साडेचार हजार फेऱ्यांपर्यंत ही महाग जोडी मधल्या जोडीपेक्षा कमीच ओढत होती. मिस्त्रींनी कारण सांगितलं. झडपा फार वेळ उघड्या राहिल्या की कमी फेऱ्यांवर आत घेतलेली हवा परत मागे ढकलली जाते, आणि टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, जोर धरायला अजून उशीर होतो.

"भाऊजी, साडेचार हजाराच्या खाली कोण चालवते?" मेहुण्याने विचारलं.

"तुझी ताई," मी म्हणालो.

गाडी रोज तीच चालवते. मुकुटबनला शाळेत शिकवते. मिस्त्रींनी झाकण परत बसवून गाडी दिली. सोमवारी कापूस वेचणी सोडून मी तिच्या शेजारी बसलो आणि नजर फेऱ्यांच्या काट्यावर ठेवली. जाताना काटा साडेतीन हजारांच्या वर गेला नाही. शाळा सुटेपर्यंत मी तिथेच थांबलो. येताना पुढे कापसाचा ट्रक लागला. रस्ता मोकळा पाहून तिने तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. काटा दोन हजारांवर. गाडी जागेवरच अडकल्यासारखी झाली. तेवढ्यात वळणावरून एसटी आली. बायकोने गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली.

असं नेहमी होतं का, मी विचारलं. रोजच, ती म्हणाली.

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी म्हणाले असते, ओव्हरटेक करूच नको."

मी तेच म्हणालो असतो.

घरी आल्यावर मेहुण्याला फोन करून मधली जोडी मागवायला सांगितली. एवढा खर्च करून स्कूलबसचे कॅम घेऊन राह्यले तुमी, असं तो हसत म्हणाला. बायकोने फोन माझ्या हातातून घेतला.

"तुले शर्यत लावायची असन तर तुह्या गाडीत टाक. मले ट्रक पार करायचा हाये."

त्याने जोडी मागवली. बसवल्यानंतर त्याच रस्त्याने मी पुन्हा तिच्यासोबत गेलो. तिसरा गिअर, काटा दोन हजारांवर. टर्बोचा उशीर पुरता जाणार नाही, असं मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं. तो थोडा राहिलाच. पण काटा सरसर चढला आणि समोरचा रस्ता रिकामा असतानाच ट्रक मागे पडला. तिने चौथा गिअर टाकला आणि संध्याकाळी भाजी कोणती करायची ते विचारलं.

शेवटी दिले ते असे: जोडीचे चोपन्न हजार विक्रेत्याला, इंजिनाचा कॉम्प्युटर नव्या कॅमशी जुळवण्याचे आठ हजार नागपूरच्या कारागिराला, मजुरीचे सात हजार मिस्त्रींना. एकूण एकोणसत्तर हजार.