साहेबांना विचारून येतो

माझ्या वडिलांच्या तोंडी एक शब्द सतत असे: अधीन. बायको नवऱ्याच्या अधीन, मुलं आईबापांच्या, आणि कोल्हापुरातलं आमचं मिशनचं कंपाउंड गोऱ्या साहेबांच्या. अधिकार देवानंच नेमून दिलेला असतो, अशी त्यांची पक्की खात्री होती. साहेब दिसले की टोपी काढून 'सलाम, साहेब' म्हणत आणि ते नजरेआड होईपर्यंत टोपी हातातच. मला भारी राग येई. पण ज्यांच्या आज्याला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, त्यांना मिशननं शाळेत मास्तरकी दिली, देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंचाचा मान दिला, फाटकाची किल्ली दिली. त्यांचं वाकणं मला कळत होतं. राग तरीही जाईना.

रस्त्यापलीकडे एक ब्राह्मण गुरुजी राहत. मी मास्तरणीच्या परीक्षेला बसणार होते, तर मला गणित तेच शिकवीत, तेही फुकट. बसायचं मात्र ओसरीवर, आणि पाणी त्यांच्या बाई वरून ओंजळीत ओतत. आम्ही ते मनाला लावून घेत नव्हतो, असं निदान म्हणत तरी होतो.

अठ्ठेचाळीस सालच्या थंडीत दिल्लीत तो खून झाला. मारणारा ब्राह्मण निघाला आणि आमच्याकडे ब्राह्मणांची घरं पेटू लागली. भर दुपारी पेठेकडून धूर दिसला, आरडाओरडा जवळ येऊ लागला. गुरुजी बाईंना घेऊन आमच्या फाटकाशी आले. फाटकाला कुलूप होतं. आत मी आणि वडील.

"मास्तर, आम्हाला आत घ्या हो," गुरुजी म्हणाले.

वडिलांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथंच थांबला. कंपाउंडात मागे चोरी झाली होती, तेव्हापासून परक्याला विचारल्याशिवाय आत घ्यायचं नाही असा साहेबांचा हुकूम होता.

"गुरुजी, इथंच थांबा. साहेबांना विचारून येतो. आलोच."

"बाबा, आधी उघडा, मग विचारा!" मी ओरडले.

"हुकूम आहे," ते म्हणाले आणि किल्ली घेऊनच बंगल्याकडे पळाले. हो, पळाले; एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

पुढचं त्यांनीच मला नंतर सांगितलं. साहेब व्हरांड्यात गुडघे टेकून शहराच्या शांतीसाठी प्रार्थना करीत होते. चालू प्रार्थनेत बोलायचं नाही, ही आमची रीत. वडील पायरीशी टोपी काढून, डोळे मिटून उभे राहिले. साहेबांच्या पाठोपाठ 'आमेन' म्हणाले आणि मग विचारलं. साहेब चिडलेच. "हे काय विचारायचे? उघडा, उघडा!"

इकडे घोळका आला होता. "ह्योच की त्यो बामन मास्तर!" कुणीतरी ओरडलं. गुरुजींनी बाईंना पाठीशी घातलं. मी आतून कुलूप ओढत होते, किंचाळत होते. गुरुजींच्या कानशिलावर काठी बसली आणि ते फाटकाला टेकून खाली घसरले. घोळका त्यांचं घर पेटवायला पलीकडे गेला. वडील धापा टाकत आले, त्यांनी कुलूप काढलं. पण फाटक बाहेरच्या बाजूला उघडायचं. गुरुजींना सरकवल्याशिवाय ते उघडेना.

गुरुजी मिशनच्या दवाखान्यातच वारले. बाईंना न्यायला पुण्याहून भाऊ आला, तेव्हा त्या आमच्या दाराशी आल्या. वडील उठून उभे राहिले. मी ठरवलं होतं, हे काही बोलले नाहीत तर आपण सगळं सांगून टाकायचं. वडील बोलायला लागलेही, पण बाईंनीच त्यांना थांबवलं.

"तुम्ही जिवाला लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "साहेब आधी नको म्हणाले असतील. तुम्ही काय करणार? तुम्ही हुकमाचे ताबेदार."

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली आणि म्हणाले, "होय, बाई. साहेब नको म्हणाले."