यादीतलं शेवटचं कलम

आमच्याकडं लग्न ठरतं ते यादीनं. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसतात, मांडव कुणाचा, पंगत कुणाची, मानपान कुणाकुणाचा हे एकेक कलम करून लिहितात, खाली सह्या करतात आणि कागदाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात. एक प्रत इकडं, एक तिकडं. मुलाची आणि मुलीची सही त्यावर नसते. लग्न त्यांचं असतं, एवढंच.

आम्हा दोघांची एक यादी मात्र त्याआधीच झाली होती. औरंगाबादला, तेव्हा ते औरंगाबादच होतं, आम्ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसून माझ्या प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या मागच्या पानावर आम्ही ती लिहिली. मे महिन्यात लग्न. जूनमध्ये निकाल. जुलैत दोघांनी विद्यापीठात एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा, त्यानं रसायनशास्त्राला, मी वनस्पतिशास्त्राला. बेगमपुऱ्यात एक खोली बघायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार पोळ्या त्यानं करायच्या. हे शेवटचं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि खाली रेघ मारली. त्या रेघेसाठी मला तो फार आवडला होता, हे कबूल करते.

आधी लग्न आणि मग शिक्षण हा क्रम काही आमच्या हौसेचा नव्हता. पदवी झाली की लग्न, पुढचं काय ते सासरचे बघतील, असं माझ्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. त्याचं घर गंगापूरकडच्या एका गावात. त्याला पुढं शिकवायची घरच्यांची तयारी होती, पण आधी सून हवी होती. जात एक निघाली, लांबचं नातंही निघालं, त्यामुळं याला प्रेम म्हणायची वेळ कुणावरच आली नाही. सगळं स्थळ म्हणून रीतसर झालं. आपण फार हुशार आहोत असं आम्हाला वाटत होतं. फक्त माझ्या एम.एस्सी.चा विषय बैठकीत कुणीतरी काढायला हवा होता, आणि बैठकीत मुलीनं तोंड उघडायचं नसतं.

"तू काळजी नको करू, मी बोलतो," तो म्हणाला.

बैठक आमच्या घरी झाली, क्रांती चौकामागच्या भाड्याच्या खोल्यांत. पुरुष बाहेर, बायका पडद्याच्या आत. यादी लिहायला वडिलांचे मित्र आले होते. ते कचेरीबाहेर बसून अर्ज लिहून द्यायचे, मराठी आणि उर्दू दोन्ही मोत्यासारखं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चाचा एकेक कलम मोठ्यानं वाचायचे, दोन्हीकडचे "मंजूर" म्हणायचे, की ते पुढं सरकायचे. मी पडद्याच्या फटीतून त्याच्याकडं बघत होते. तो सतरंजीच्या कडेच्या दशा सोडवत बसला होता.

"और कुछ?" चाचांनी विचारलं.

त्यानं आणखी एक दशी सोडवली.

"बास झालं," त्याचे वडील म्हणाले. "करा आता सह्या."

मी पडदा सारला आणि बाहेर गेले. धाडस वगैरे काही नव्हतं. मला संताप आला होता, आणि तो निम्मा त्या सतरंजीवर बसलेल्या माणसावर होता.

"एक राहिलंय," मी म्हणाले.

माझे काका दबक्या आवाजात म्हणाले, "आत जा." वडिलांनी मान खाली घातली. त्याच्या वडिलांनी मात्र माझ्याकडं नीट बघितलं. "काय राहिलं पोरी?"

"माझं एम.एस्सी. याच जुलैपासून, दोन वर्षं."

ते हसले. "शीक की. कोण नाय म्हणायलंय?"

"मग लिहू द्या."

त्यांचं हसू तिथंच थांबलं. जमिनीच्या कज्ज्यात अर्धं आयुष्य गेलेला तो माणूस. सातबारे, पावत्या, कोर्टाचे कागद पत्र्याच्या पेटीत जपणारा. कागदावर आलेल्या गोष्टीचं वजन त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण चार माणसांत "शीक" म्हणून गेले होते.

"लिहा," ते म्हणाले.

चाचांनी शेवटचं कलम लिहिलं, वाचून दाखवलं आणि पेन दोन्ही वडिलांकडं न देता आधी माझ्यापुढं धरलं. "ये कलम इसने लिखवाया है, तो दस्तखत भी इसका लगेगा." काका उठून उभे राहिले. मी सही केली. मग दोन्ही वडिलांनी केली, काकांनी केली, त्याच्या चुलत्यांनी केली. पाच सह्या झाल्या. चाचांनी खाली तारीख घातली.

त्यानंतर आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी तो कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. "वडलांपुढं माझं तोंडच उघडत नाय गं," तो म्हणाला. मी म्हणाले, "मग लग्नात मंगलाष्टकं तरी ऐकू येतील का तुला, की तेव्हाही दशा सोडवणार?" लग्न मोडावं असं मला वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. एक रात्र वाटलं होतं. पण तो खोटारडा नव्हता, भित्रा होता, आणि भित्रेपणावर उपाय होतो असं मला तेव्हा वाटायचं.

मे महिन्यात लग्न झालं. जूनमध्ये निकाल लागला, दोघंही चांगल्या मार्कांनी पास झालो. अर्ज आणले, भरले. आणि प्रवेशाला चार दिवस उरले असताना, दुपारची जेवणं झाल्यावर, मामंजींनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "यंदा तो जाईल. तू पुढच्या साली जा. आत्ताच दोघं गेल्यावर घर कुणी बघायचं?"

"ठरलंय ना आपलं," मी म्हणाले.

"तुझ्या वडलांशी बोललो मी. ते व्हय म्हणले."

हे मला लागलं. सासरच्यांनी अडवलं असतं तर भांडायला मी तयारच होते. वडील मागच्या मागं माझं एक वर्ष देऊन मोकळे झाले होते, आणि मला विचारायलाही आले नव्हते.

मी आत गेले, ट्रंकेतल्या साड्यांखालून आमच्याकडची यादी काढली. वडिलांनी कपाटात ठेवलेली ती प्रत लग्नाच्या आदल्या दिवशी मी न विचारता घेतली होती. मामंजींपुढं ती उघडून धरली.

त्यांनी चष्माही लावला नाही. "दोन बापांनी केलेली यादी, दोन बापांनी मिळून बदलली. आता तकरार कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. "इथं पाच सह्या आहेत. त्यातली एक माझी आहे. तुम्ही दोघांनी सोडलं असेल. मी नाही सोडलं."

आता त्यांनी चष्मा लावला. कागद उजेडाकडं नेऊन माझी सही बघितली, बराच वेळ बघितली. सासूबाई ताटं उचलता उचलता थांबल्या. मग मामंजींनी मान वळवून मुलाला विचारलं, "तुझं काय म्हणणंय?"

मी त्याच्याकडं बघितलं नाही. काय दिसेल याची मला भीती होती. तो उठल्याचा आवाज आला. तो आला, खिशातलं पेन काढलं, वडिलांच्या हातातला कागद घेतला, जमिनीवर ठेवला आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. सही वाकडी आली. ती अजून तशीच वाकडी आहे.

"दोघं बी जाणार," तो म्हणाला. एवढंच. पण वडिलांपुढं.

मामंजी त्या कागदाकडं बघत राहिले. मला वाटलं आता फाडतील. त्यांनी तो फक्त मुलाकडं सरकवला.

"तारीख टाक," ते म्हणाले. "बिनतारखेच्या सहीला कुणी इचारत नाय."

त्यानं तारीख टाकली. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही गंगापूरहून एस.टी.नं निघालो आणि दुपारी विद्यापीठात एकामागं एक उभे राहून दोघांनी प्रवेश घेतला. बेगमपुऱ्यात खोली मिळाली. सोमवारच्या पोळ्या जाड व्हायच्या, शुक्रवारच्या बऱ्या.

माझं एम.एस्सी. झालं, पुढं मी शिकवलंही. तो कागद माझ्या कपाटात आहे, हळदीचे डाग आता तपकिरी झालेत, चाचांची आणि त्याची अशा दोन्ही तारखा मात्र अजून वाचता येतात. घरात लग्नाच्या गोष्टी निघाल्या की हा छाती पुढं काढून सांगतो, हिच्या शिक्षणासाठी मी वडलांसमोर सही केली होती. खरंच केली होती. मी नाही म्हणत नाही. मी एवढंच म्हणते, तारीखही सांग.