तांब्याच्या खोलीतली गळती

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी नवी मुंबईत, पावण्यातल्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, वय तेवीस, आणि अख्ख्या शेडमध्ये मी एकटीच बाई. आम्ही पत्र्याची कामं करायचो: पॅनेल, डक्ट, मशीनची कव्हरं. एकदा वेगळीच ऑर्डर आली. वाशीत नवं स्कॅन सेंटर होत होतं. तिथे एमआरआयचं मशीन बसणार होतं आणि त्यासाठी आतून पूर्ण तांब्याने मढवलेली खोली हवी होती. भिंती, छत, जमीन, दार, सगळं. पत्र्याचे सांधे डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, असे बुजवायचे, की बाहेरची रेडिओची लहर आत शिरता कामा नये.

डाख देण्याचं काम मिस्त्रींचं. पन्नाशीचे, गावातलेच. एमआयडीसी आली तेव्हा घरची भातशेती गेली आणि ते पत्र्याच्या कामात शिरले. कमी बोलायचे. सांधा झाला की अंगठा फिरवून बघायचे.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ताई, कशाला हाय ही खोली?"

"दवाखान्याचं मशीन बसणार आहे."

"मंग तांबा कशाला?"

"रेडिओचे सिग्नल अडवायला. तुम्ही सांधे नीट घ्या."

मी घाईत होते. तीन-चार दिवसांनी ते पुन्हा आले. मशीनच्या कागदांवर 'न्यूक्लिअर' असा शब्द कोणीतरी वाचला होता आणि गावात बोलणं सुरू झालं होतं. "पोरं बोलतात त्यात अणूचं काय तरी हाय. आंगाला लागंल."

मी हसले. "काही लागत नाही. टेन्शन घेऊ नका."

त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. पण डबा खोलीत खायचं सोडलं. रस्त्यापलीकडे झाडाखाली जाऊन बसायचे आणि जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुवायचे. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. हा माणूस या खोलीला घाबरतोय, म्हणजे लवकर उरकून मोकळा होणार.

शेवटचा कोपरा राहिला त्या दिवशी त्यांच्या भावाच्या घरी हळद होती. कोपरा उरकून ते दुपारी दोनला निघाले. भिंतीवर सनमायकाचं पॅनेल लावणारे सुतार दारात खोळंबले होते. मी लांबूनच टॉर्च मारला, सांधा चकाकला आणि तपासणीच्या कागदावर सही केली.

मग ट्रान्झिस्टर घेऊन आत गेले. गाणं चालू होतं. दार लावलं तसं गाणं मध्येच तुटलं, खरखरसुद्धा उरली नाही. सगळे खूश झाले.

मशीन बसलं आणि पंधरा दिवसांत सेंटरच्या डॉक्टरांचा फोन आला. फोटोत रेघ येतेय. पांढरी, तुटक, पँटच्या चेनसारखी, आडवी. एका बाईंच्या मणक्याच्या फोटोत ती नेमकी दुखऱ्या मणक्यावरून गेली होती. आजार कुठला आणि रेघ कुठली हे सांगता येईना, म्हणून त्यांना पुन्हा बोलावलं होतं. मशीन कंपनीच्या इंजिनिअरने आकडे बघून सांगून टाकलं होतं, "रूम लीक आहे."

आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कच्चा डाख असणार. नंतर सुटतो तो. त्या दिवशी हळदीला पळाला ना मिस्त्री?"

"हो, लवकर गेले होते," मी म्हटलं.

तो कोपरा मी तपासला नव्हता, हे मात्र बोलले नाही. सहीचा कागद त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मशीनच्या खोलीत होतो: इंजिनिअर, मी आणि मिस्त्री. घड्याळं, चाव्या, मिस्त्रींची हत्यारं, सगळं दाराबाहेर काढून ठेवायला लावलं. तपासायला फक्त माझा ट्रान्झिस्टर आत घेतला. इंजिनिअरने जमिनीवर चिकटपट्टी लावली होती. "याच्या पुढे रेडिओ नेऊ नका. लोहचुंबक ओढून घेईल."

मी मिस्त्रींना विचारलं, "त्या कोपऱ्यातला सांधा पक्का केला होता ना? खरं सांगा."

ते इंजिनिअरकडे वळले. "साहेब, ही खोली कशाला हाय?"

इंजिनिअर भला माणूस होता. हिंदी मिसळून त्याने सांगितलं आणि मी मराठीत सांगत गेले. आपल्या अंगात पाणी आहे. पाण्यात हायड्रोजनचे अणू. त्यांचं केंद्रक चिमुकल्या लोहचुंबकासारखं वागतं. या मोठ्या चुंबकात त्याला दोनच जागा मिळतात, खालची नाहीतर वरची. अधलीमधली नाहीच, अणूंच्या दुनियेचा कायदाच तसा. रेडिओची लहर दिली की काही जण खालून वर चढतात, आणि परत उतरताना स्वतः अगदी बारीक लहर सोडतात. त्यावरून फोटो बनतो. ती इतकी बारीक असते की बाहेरचा रेडिओ आत आला तर तिचं काही ऐकूच येणार नाही.

"म्हंजे अणू आपल्याच आंगातला?"

"हो. बाहेरून काही आणलेलं नाही."

"हे आदी सांगाला काय झालं व्हतं?" हे मला होतं.

सेंटरच्या सुताराने पितळी हत्यारांनी पॅनेल उतरवलं. आत सांधा होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, कुठे फुगवटा नाही, कुठे छिद्र नाही. मिस्त्रींनी त्यावर अंगठा फिरवला नाही. मी फिरवला.

मग मी भिंतीभिंतीने ट्रान्झिस्टर फिरवू लागले. चिकटपट्टीच्या अलीकडून, दोन्ही हातांत घट्ट धरून. सगळीकडे शांत. छताच्या एका कोपऱ्यापाशी मात्र त्यातून बातम्या देणाऱ्याचा आवाज आला. पुसट, पण माणसाचाच. वर छोटा स्पीकर होता. त्याची वायर हवा येण्याच्या तांब्याच्या पाइपातून बाहेर गेली होती, बाहेरच्या खोलीतल्या टेपरेकॉर्डरपर्यंत. मशीनच्या खडखडाटाला पेशंट घाबरतात म्हणून डॉक्टरांनी भजनं लावायची सोय केली होती, आमचं काम झाल्यावर. रिकाम्या पाइपातून ती लहर आत येत नाही, पण मधून वायर गेली की वायरच तिला आत घेऊन येते.

वायर ओढून काढली. इंजिनिअरने स्वतःच आत झोपून फोटो घेतला. रेघ गेली होती. डॉक्टर "सॉरी हं" म्हणाले, मला. इंजिनिअरने माझ्याशी हात मिळवला. मिस्त्रींनी दाराबाहेरची हत्यारं पिशवीत भरली आणि जिना उतरले.

सोमवारी ते कामावर आले नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी मी गावात त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने चहा दिला. मी माफी मागितली. त्यांनी कप खाली ठेवला.

"कागदावर सही कोनाची व्हती?"

"माझी. कोपरा न तपासताच केली."

"मालकाला सांगितलंत?"

"नाही."

"मंग माफी हितं नको," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तिकडं मागा."

मी दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं. त्यांनी कागद काढून बघितला, परत ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे, झालं ना काम." तसं झालं खरं. त्यानंतर आम्हाला आणखी दोन खोल्यांच्या ऑर्डरी मिळाल्या.

मिस्त्रींना मी पुन्हा बोलावलं, मालकांनीही निरोप धाडला. ते तळोज्यातल्या एका केमिकल प्लँटमध्ये लागले, टाक्यांच्या कामावर. तांब्याच्या पुढच्या दोन्ही खोल्या दुसऱ्या माणसाने केल्या. त्याला मी पहिल्या दिवशी खाली बसवून सगळं समजावून सांगितलं. तो नम्रपणे ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मॅडम, मला कशाला सांगताय एवढं?"

त्याचे सांधे मी स्वतः एकेक करून तपासले. तो बाजूला उभा राहून माझ्याकडे बघायचा आणि त्याला ते आवडत नसे, हे मला कळत होतं.