फिटरकाकांची माशी

फिटरकाका भिंतीकडे तोंड करून बसायचे. चारकोपच्या आमच्या सोसायटीमागे जास्वंद, कढीलिंब आणि माझे चार गुलाब एवढीच बाग. तिथल्या कुंपणाच्या भिंतीवर त्यांनी भोकं पाडलेला एक लाकडी ठोकळा टांगला होता. सकाळभर ते त्याच्यासमोर स्टुलावर बसून असत. नव्या भाडेकरूंना वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

ते एका मधमाशीची वाट बघत होते. एकटी राहणारी ही माशी. हिला पोळं नसतं, राणी नसते. आयतं भोक शोधून ती त्यात पानांचे गोल तुकडे कोंबते, अंडी घालते, भोकाचं तोंड बंद करते आणि निघून जाते. काका जवळच्याच एका कारखान्यात फिटर होते. तिथे त्यांच्या मशीनच्या बोल्टच्या भोकात एकदा अशी माशी राहायला आली होती. फोरमनने तिचं घर तारेने उकरून काढलं. "मी बाजूकच उभो होतंय," काकांनी मला सांगितलं. "एक शबुद बोललंय नाय."

पहिल्या वर्षी ठोकळ्याकडे कोणी फिरकलं नाही. दुसऱ्या वर्षी मुंग्यांनी ताबा घेतला. काकांनी ठोकळा टांगलेल्या सळीला ग्रीस फासलं. पाणी आत गेलं, तेव्हा वर पत्रा ठोकला. मग सकाळचं ऊन मिळावं म्हणून जागाच बदलली.

"अजून किती वर्षं, काका?"

"ती येयपर्यंत."

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली आणि हलक्या आवाजात एवढंच म्हणाले, "इली."

ती आली आणि माझ्या गुलाबाच्या पानांच्या गोल गोल चकत्या गायब व्हायला लागल्या. मी तेव्हा सोसायटीची सेक्रेटरी. त्याच आठवड्यात गच्चीवर एका बाईंना गांधीलमाशी चावली. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, सरसकट फवारून टाका. चावणारी माशी वेगळी, हे मला माहीत होतं. पण गुलाबांवरून राग होताच. फवारणीच्या नोटिशीवर मी सही केली.

काका नोटीस वाचून माझ्याकडे आले. "गो, पोळां नसलेली माशी कोणाक कित्याक चावतली? तिका राखूक आसा काय?"

मी म्हटलं, मीटिंगचा निर्णय आहे. ते तसेच जिना उतरून गेले.

फवारणीवाला आला, तेव्हा काका ठोकळ्याला पाठ लावून उभे होते. मग वळले आणि त्यांनी भोकांवर सरळ पंजा पसरला. "मार," ते त्याला म्हणाले, "पण आदी माझ्या हातार मार."

तो माझ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात पानाचा तुकडा घेऊन माशी परतली. काकांच्या बोटांवर उतरली, आपलं दार शोधत या बोटावरून त्या बोटावर चालत राहिली. काकांनी हात हलवला नाही, फक्त दोन बोटं सावकाश फाकवली. ती आत गेली. मी फवारणीवाल्याला परत पाठवलं आणि फळ्यावरची नोटीस स्वतःच्या हाताने काढली.

यंदा काका बाथरूममध्ये पडले. हात थरथरायला लागला, ड्रिल धरवेना. नाहूरला राहणारी त्यांची मुलगी त्यांना न्यायला येणार होती. त्याआधीचे आठ दिवस त्यांनी मला समोर बसवून लाकडात भोकं पाडायला शिकवलं. एकदाही चांगलं म्हणाले नाहीत.

निघायच्या दिवशी मी माझा ठोकळा घेऊन खाली गेले. टॅक्सी फाटकाशी उभी होती, मुलगी आत बसली होती. काकांनी भोकात काडी घालून बघितली.

"उथळ झालां," ते म्हणाले. "ती चेडवांची अंडी खोल आत घालता, झिलग्यांची तोंडाकडे. आखूड भोकात नुसते झिलगेच होतले. चेडवांक जागा होयी." चेडवं म्हणजे मुली, झिलगे म्हणजे मुलगे, एवढी काकांची मालवणी मला आता कळत होती.

"बाबा, चला ना," मुलीने आतून हाक मारली.

"दुसरो कर," असं म्हणून त्यांनी ठोकळा माझ्या हातात दिला आणि मुलीचा हात धरून टॅक्सीत बसले.

टॅक्सी वळेपर्यंत मी फाटकाशी उभी राहिले. मग वर आले, तो ठोकळा बाजूला ठेवला आणि ड्रिलला लांब बिट लावलं.