मीटर पाहून झालेली सोयरीक

विजेवर माझ्या सासऱ्यांइतका जीव टाकणारा आणि तिच्यावर तितकाच संशय घेणारा माणूस अख्ख्या खान्देशात दुसरा सापडणार नाही, हे मी धुळ्याच्या भर चौकात उभं राहून सांगायला तयार आहे. ते जळगावहून धुळ्याला मला पाहायला आले तेव्हा त्यांनी मला पाहिलंच नाही. दारात चप्पल काढता काढता त्यांची नजर वर गेली आणि तिथेच अडकली. वडील "या, या" म्हणताहेत, आई पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे, मी इस्त्रीच्या शर्टात घामाघूम झालोय आणि हे गृहस्थ आमच्याच स्टुलावर चढून आमचाच मीटरचा बोर्ड न्याहाळताहेत! त्यांनी फ्यूज ओढून बाहेर काढला. पंखा थांबला, स्वयंपाकघरातला मिक्सर थांबला, आणि सगळे माना वर करून बघत राहिले. नानांनी, म्हणजे या माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, फ्यूजमधली तार बोटांनी चाचपली, फ्यूज जागेवर बसवला, खाली उतरले आणि वडिलांना म्हणाले, "तार बारीक आहे. घराला शिस्त दिसते." बस्स. माझा पगार नाही विचारला, शिक्षण नाही विचारलं, पोहे खाल्ले आणि होकार देऊन गेले. आता खरं सांगायचं तर ती तार आदल्याच आठवड्यात फ्यूज उडाला म्हणून वायरमननं टाकली होती. त्याआधी तिथे काय होतं, ते मी आजवर बायकोलाही कळू दिलेलं नाही.

या तारेचं प्रकरण नानांनी मला लग्नानंतर नीट समजावलं. फ्यूजची तार बारीकच हवी, कारण वीज जास्त ओढली गेली की ती स्वतः वितळते आणि घर वाचवते. पण सारखं कोण उठून बदलणार, म्हणून लोक तिथे जाडजूड तार कोंबतात, आणि मग तार शाबूत राहते नि घर पेटतं. हे सांगताना नानांचा चेहरा असा होतो की जणू त्या तारेवर कुणी वैयक्तिक अन्याय केलाय. एवढं वाचून ते वीज खात्यातून निवृत्त झाले असावेत असं कुणालाही वाटेल. छे! नाना जन्मभर हायस्कुलात चित्रकला शिकवत होते. पण त्यांच्या वर्गातल्या पोरांनी निसर्गचित्रात दोन डोंगर, मधून नदी आणि काठावर झोपडी काढली की नाना विचारायचे, "छान! मेन स्विच कुठाय?" त्यांच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या झोपड्यांना आजही मीटर असतं म्हणे.

आणि नवा नियम आला की विचारूच नका! विजेच्या सुरक्षेचे नियम बदलतात, हे तुमच्याआमच्या गावीही नसतं. नानांच्या घरी मात्र त्या दिवशी शिरा होतो. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली नियमांची फाइल ते आधी स्वतः वाचतात, मग अक्कांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना वाचून दाखवतात, मग फोन उचलून आम्हा सगळ्यांना एकेक करून कळवतात. "जावईबापू, बसलाय का उभे आहात? बसा आधी. आता गळतीचा स्विच घालायलाच लागणार! अंगातून जरा वीज गेली की खटकन बंद! आणि मेन स्विच चटकन हात पोचेल असा हवा, कपाटामागे लपवायचा नाही!" त्यांच्या आवाजात असा आनंद असतो की मलाही टाळी वाजवावीशी वाटते. एकदा हिवाळ्यात शेतावर भरताची पार्टी होती. वांगी भाजून झाली होती, मिरच्या ठेचून झाल्या होत्या, कळण्याच्या पुऱ्या तयार होत्या, आणि नाना ओव्हरलोडवर बोलत होते. शेवटी अक्का म्हणाल्या, "या माणसाले देवापेक्षा मीटर मोठं वाटस. वाढा तुम्ही."

अक्कांचं काही चूक नाही. जळगावात नळाला रोज पाणी येत नाही, पण नाना रोज सकाळी अंघोळीआधी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्याला तांब्याभर पाणी घालतात. खड्डा कोरडा पडला की गळालेली वीज जमिनीत नीट उतरत नाही, म्हणून. त्या खड्ड्याशेजारचा अक्कांचा कढीपत्ता पिंप्राळ्यात, म्हणजे जळगावातल्या त्यांच्या भागात, सर्वांत हिरवागार आहे. घराबाहेर पडताना माणसं देवाला हात जोडतात, तसे नाना मीटरकडे मान वर करून एकदा पाहतात. आणि उन्हाळा! जळगावचा मे महिना म्हणजे काय ते मी वेगळं सांगत नाही. सगळ्या कॉलनीत कूलर घरघरत असतात, आणि नानांच्या घरात मात्र त्यांचा तो गळतीचा लाडका स्विच दर तासाला पडतो, कारण कूलरच्या पंपाला कुठेतरी ओल धरते. शेजारी म्हणतात, काढून टाका, डायरेक्ट जोडा. नाना घामानं निथळत, ओला पंचा खांद्यावर टाकून म्हणतात, "पडला ना? म्हणजे चालू आहे!"

अशा माणसाला लग्नाच्या मांडवात मोकळं सोडायला नको होतं, हे आता सगळेच म्हणतात.

लग्न नानांच्या पुतणीचं होतं. म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या एकुलत्या एका लेकीचं. हे थोरले भाऊ पाचोऱ्याजवळच्या गावी शेती करतात. सगळे त्यांना आबा म्हणतात, फक्त नाना 'भाऊ' म्हणतात. वडील लवकर गेल्यावर आबांनीच शाळा सोडून नानांना शिकवलं, रंगाच्या डब्या आणून दिल्या, त्यामुळे नाना जगात कुणाला वचकून असतील तर ते या भाऊला. वरपक्ष पिंपळनेरचा, भारदस्त मंडळी. गोरज मुहूर्त. सूर्य बुडालेला, मांडवात दिव्यांचा नुसता लखलखाट, पंखे, कूलर, माइक, सगळं एका तारेवर. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, 'शुभमंगल सावधान' म्हणायला भटजींनी श्वास घेतला, आणि सगळा मांडव काळाठिक्कर पडला! अंधारात एकच गोंधळ. कुणी अक्षता टाकल्या, कुणी शिट्ट्या मारल्या, वाजंत्रीवाल्यांना वाटलं झालं लग्न, त्यांनी दणक्यात वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी मोबाइलचा दिवा लावला तेव्हा नवरीचा हार भटजींच्या गळ्यात होता.

आणि मांडवाच्या कोपऱ्यात, मेन स्विचच्या दांड्यावर हात ठेवून, नाना उभे होते.

मंडपवाल्यानं फ्यूजमध्ये जाड तार घातली होती, हे त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. पण ते ऐकायला कोण थांबतंय! जनरेटर आला, हार भटजींच्या गळ्यातून निघून योग्य गळ्यात पडला, लग्न लागलं. पिंपळनेरच्या मंडळींनी तर हसून सोडूनही दिलं. आबांनी नाही सोडलं. भरल्या मांडवात ते धाकट्या भावाला म्हणाले, "मनी पोरनं लगीन होतं रे! आते मना दारमा पाय ठेवू नको." नानांनी चपला घातल्या आणि निघाले. जेवलेही नाहीत.

त्यानंतर नानांचं सगळं पूर्वीसारखंच चाललं होतं, आणि काहीच पूर्वीसारखं नव्हतं. अर्थिंगला पाणी घालत, पण नवा नियम आला तरी फोन येईना. दिवाळीला पाचोऱ्याहून फराळाचा डबा आला नाही. मोबाइल वाजला की ते झडप घालत, नाव पाहत आणि अक्कांकडे देत. मला ते बघवेना. एका सकाळी कढीपत्त्याशेजारी उभे असताना मी विचारलंच, "नाना, पाच मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

तांब्या हातात तसाच धरून ते म्हणाले, "मंडपवाल्याची तार तापून सोलवटली होती. लोखंडी खांबाला टेकायला आली होती. त्या खांबाला भाऊ हात लावून उभा होता. माइकवर मंगलाष्टकं चालली होती, माझी हाक त्याला गेली असती का?"

"मग हे त्यांना सांगितलं का नाही तुम्ही?"

"लहानपणी विहिरीवरच्या मोटारीला तो चिकटला होता. मी लाकडानं मारून सोडवला. नंतर कितीतरी दिवस तो विहिरीकडे जायलाही थरथरायचा. आता लेकीच्या लग्नाची आठवण काढली की त्याला तेच आठवेल. त्यापेक्षा रागावलेला बरा." एवढं बोलून त्यांनी खड्ड्यात पाणी ओतलं आणि आत गेले.

मी हे बाहेर कुठे सांगितलं नाही. पण अक्का खिडकीत कणीक मळत होत्या, आणि अक्कांच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे साऱ्या सोयऱ्यांना ठाऊक आहे.

त्या उन्हाळ्यात आम्ही पिंप्राळ्यातच होतो. भर दुपार, कूलरचा स्विच नुकताच पडलेला, सगळे पंचे ओले करून बसलेले. फोन वाजला. नानांनी नाव पाहिलं आणि उभेच राहिले. पलीकडचा आवाज इतका खणखणीत की आम्हा सगळ्यांना ऐकू आला. ना खुशाली, ना चौकशी. आबा म्हणाले, "नवं घर बांधी ऱ्हायनू. वायरमन दारमा उभा शे. मेन कोठे बसाडू, सांग."

अरे, काय सांगू तुम्हाला! ज्या प्रश्नाची वाट हा माणूस जन्मभर पाहत होता तोच प्रश्न, तोही भाऊच्या तोंडून! आता दोन तासांची निश्चिंती, असं समजून मी पाय पसरले. उंची, दारापासूनचं अंतर, ऊन, पाऊस, गळतीचा स्विच, सगळं येणार. नानांनी ओल्या पंच्यानं तोंड पुसलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग इतक्या हळू आवाजात बोलले की अक्का पुढे सरकल्या.

"भाऊ, तू म्हणशी तठे."

पलीकडे आबांनी वायरमनला 'थांब रे' म्हटलेलं ऐकू आलं. मग आबांचा आवाजही मऊ झाला. "मी म्हणसू ती जागा चुकीनीच ऱ्हाई. तूच ये." आणि फोन बंद.

नानांनी त्याच क्षणी टेस्टर खिशात टाकला, चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता, चपला उलट्यासुलट्या घातल्या. "नाना, ऊन उतरू द्या," मी म्हणालो. "वायरमन थांबलाय!" म्हणत ते फाटकाबाहेर पडलेसुद्धा, पाचोऱ्याची गाडी धरायला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते वर मीटरकडे न पाहता घराबाहेर पडले होते.

अक्का दारात उभ्या राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघत होत्या. मग आत वळताना त्यांनी पदर सारखा केला, मान वर केली आणि मीटरला हात जोडले.