पुढचा व्रण

"फोटोपुरतं उभं करा तिला."

कुळगावातल्या एका हॉलच्या स्टेजवर अपंगांना साहित्य वाटणाऱ्या संस्थेच्या बाई हे बोलल्या. हातात माइक होता, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. मी तेव्हा अकरा वर्षांची. जन्मापासून स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट मिटलेला नाही. मांडीच्या खाली काही लागलं तरी कळत नाही, लघवी झालेलीही कळत नाही. गुडघे वाकून आखडलेले. आणि फुकट वाटायला आणलेले कॅलिपर, म्हणजे उभं राहायला पायाला बांधायच्या पट्ट्यांच्या सळ्या, सरळ पायांचे. अर्ज बघून बनवले होते, पाय कुणी बघितलेच नव्हते.

पट्टे बांधणारा माणूस म्हणाला, "मॅडम, गुडघे सरळ होत नाहीत. आधी ऑपरेशन लागेल."

बाईंनी स्वतः गुडघा दाबला. "दुखतंय का गं?"

"नाही." खरंच दुखत नव्हतं.

आई पुढे आली. एमआयडीसीतली पाळी बुडवून बुवापाड्याहून मला घेऊन आली होती. "मॅडम, पुढल्या महिन्यात ऑपरेशन आहे तिचं. तिला तिथं कळतच नाय."

"मग बरंच आहे की," असं म्हणून बाईंनी नाकाला रुमाल लावला. सकाळपासून माझा डायपर बदलायला कुणी जागा दिली नव्हती. दोघांनी काखेत धरून मला उभं केलं. मी हसलेसुद्धा. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

घरी आईने पट्टे सोडले. गुडघ्याची कातडी पॅडला चिकटून निघाली. पायमोजा रक्ताने भिजलेला. तो बघितला तेव्हा मला कळलं. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं, जखम भरेपर्यंत हात लावणार नाही म्हणाले. आठ महिने गेले. मग त्यांनी गुडघ्यामागच्या आखडलेल्या शिरा सोडवल्या, प्लास्टर घातलं, नंतर माझ्या मापाचे कॅलिपर दिले. मी कुबड्यांवर उभी राहिले.

पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये बोलावणं आलं. आभार मानायला. बाईंनी माइक माझ्यापुढे धरला. "सांग, आमच्यामुळे उभी राहिलीस ना?"

मी खुर्चीत बसले. गुडघ्यावरचा पट्टा माझ्या हाताने सोडला. "मागचा व्रण डॉक्टरांचा आहे. हा पुढचा तुमचा."

माइक बंद झाला. आईने उठून कुबड्या दिल्या. आम्ही निघालो.

तेव्हापासून माझ्या पायाकडे येणारा हात मी आधी थांबवते. डॉक्टर असो, नर्स असो, पुण्य कमवायला आलेला असो. कळत नसलं तरी पाय माझा आहे. विचारायचं. मी नाही म्हटलं की हात मागे घ्यायचा.